दोघी जावा, दोन रिपोर्ट

वाचकाचे पत्र (थोडक्यात)

मी ४१ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातील एका गावात आमचे एकत्र कुटुंब आहे. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंना (वय ५८) स्तनाचा कर्करोग निघाला. गाठ तीन सेंटिमीटरची होती आणि काखेतल्या दोन गाठींत रोग पोहोचला होता. रिपोर्टमध्ये ‘ईआर, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असे होते (ईआर, पीआर म्हणजे पेशीतले संप्रेरकांचे ग्राहक, हर-टू म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन). ऑपरेशन, केमो, लाइट सगळे झाले आणि आता त्यांना रोज लेट्रोझोलची एक गोळी आहे. या महिन्यात माझ्याही डाव्या स्तनात गाठ निघाली. ती २.४ सेंटिमीटरची असून सोनोग्राफीत काखेत काही दिसले नाही, पण सुईने तुकडा काढून तपासल्यावर ‘ट्रिपल निगेटिव्ह’, म्हणजे ही तिन्ही नाहीत, असे आले. मुलाने मोबाइलवर पाहिले, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्या स्त्रिया जाऊबाईंच्या प्रकारात शंभरात ९५ आणि माझ्या प्रकारात ७८. तेव्हापासून घरात एकच बोलणे आहे, थोरलीचा साधा, धाकटीचा वाईट. आपला साधाच आहे म्हणून जाऊबाईंनी सांधे दुखण्याच्या कारणाने दोन महिन्यांपासून गोळी बंद केली आहे. जवळचे सर्जन येत्या आठवड्यात माझे ऑपरेशन उरकू म्हणतात. सासूबाई म्हणतात, हे आपल्या घराण्यातच आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिलाही होईल का? आणि माझ्या हातात किती वर्षे आहेत, ते खरे सांगा.

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. माझी बत्तीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली अशाच तुकड्यांचे निदान करण्यात गेली, त्यामुळे तुमच्या पत्रातले ‘साधा’ आणि ‘वाईट’ हे दोन शब्द मला बराच वेळ सतावत राहिले. आम्ही जे रिपोर्ट लिहितो त्यात हे शब्द नसतात. ते घरी पोहोचेपर्यंत तयार होतात, आणि तुमच्या घरात त्यांनी एकाच वेळी दोन माणसांचे नुकसान चालवले आहे. तुमचा धीर सुटला आहे आणि तुमच्या जाऊबाईंची गोळी सुटली आहे. यातले दुसरे नुकसान मला अधिक तातडीचे वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी त्या ९५ आणि ७८ बद्दल. हे आकडे खोटे नाहीत. ते अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींतून काढलेले आहेत आणि त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत किती रुग्ण पाच वर्षांनी हयात होत्या, हे ते सांगतात. मात्र प्रत्येक प्रकारातल्या सगळ्या अवस्थांच्या स्त्रिया त्यांत एकत्र मोजल्या आहेत, म्हणजे सुपारीएवढी गाठ असलेलीही त्यात आहे आणि यकृतापर्यंत रोग गेल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांकडे आलेलीही. तेच आकडे अवस्थेनुसार वेगळे केले की चित्र बदलते. ट्रिपल निगेटिव्ह रोग स्तनापुरता असेल तर पाच वर्षांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के आहे, काखेपर्यंत गेला असेल तर सुमारे ६६ आणि दूरच्या अवयवांत गेला असेल तर सुमारे १२. जाऊबाईंच्या प्रकारात, म्हणजे संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या आणि हर-टू नसलेल्या रोगात, स्तनापुरता रोग असलेल्या स्त्रियांचे प्रमाण शंभराच्या अगदी जवळ जाते, काखेपर्यंत गेलेल्यांचे सुमारे ९० असते आणि दूर पसरलेल्यांचे एक तृतीयांशाच्या आसपास.

आता या दोन रांगांत तुम्हा दोघींना बसवून पाहा. तुमची काख आज दिसते तशी खरोखरच मोकळी असेल तर तुमची जागा ९१ वर आहे. जाऊबाईंच्या काखेत रोग होता, म्हणून त्यांची जागा ९० वर. ज्या दोन आकड्यांवरून घरात तुमची वेगवेगळी भविष्ये ठरवली गेली, ते तुमच्या बाबतीत जवळजवळ एकच आहेत. एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. सोनोग्राफीत न दिसलेली लहानशी लागण ऑपरेशनच्या वेळी काखेत सापडू शकते, आणि तसे झाले तर तुमचा आकडा खाली येईल. तसेच एकाच अवस्थेच्या दोघी घेतल्या तर तुमचा प्रकार जाऊबाईंच्या प्रकारापेक्षा अधिक आक्रमक आहे, हेही खरेच आहे.

हा फरक कशामुळे पडतो, ते स्लाइडवर दिसते तसे सांगते. तुकड्याच्या पातळ कापावर ईआरची चाचणी केली की जाऊबाईंसारख्या रोगात पेशींची केंद्रके तपकिरी होतात, जणू फिकट निळ्या कापडावर कोणी मोहरी सांडली आहे. प्रत्येक तपकिरी केंद्रक सांगत असते की ही पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसली जाते. मग तिचे पोषण तोडणे हाच उपचार होतो, आणि ती गोळी नेमके हेच काम करते. हर-टू जास्त असेल तर केंद्रकाऐवजी पेशीचा काठ रंगतो आणि सगळी गाठ तपकिरी जाळी विणल्यासारखी दिसते. तुमच्या तुकड्यात ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही चाचण्यांत रंग आला नाही, म्हणून ट्रिपल निगेटिव्ह. याचा अर्थ गोळीने तोडता येईल असा आधार त्या पेशींना नाही. त्या भराभर वाढतात, पण भराभर वाढणाऱ्या पेशींवर केमोचा घावही जोरात बसतो, आणि तुमच्या उपचाराची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

जगण्याच्या शक्यतेची तुलना करताना लोक सहसा विसरतात, ते म्हणजे धोक्याचा काळ. ट्रिपल निगेटिव्ह रोग परत येणार असेल तर तो लवकर येतो. टोरंटोतील २००७ सालच्या एका अभ्यासात त्याच्या परतण्याचा जोर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक होता आणि पुढे तो झपाट्याने उतरत गेला. पाच वर्षे नीट गेली की तुमच्या प्रकारातल्या स्त्रीला बऱ्याच अंशी मोकळा श्वास घेता येतो. जाऊबाईंच्या प्रकाराची चाल वेगळी आहे. तो संथ असतो आणि फार काळ दबा धरून बसू शकतो. साठ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, पाच वर्षे गोळी पूर्ण घेऊन त्या वेळी निरोगी असलेल्या स्त्रियांचा पुढचा काळ तपासला होता. दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ आणि काखेत एक ते तीन गाठी, म्हणजे जाऊबाईंसारखीच स्थिती असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २६ टक्के जणींत पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान रोग दूरच्या अवयवांत परतला. यातल्या बऱ्याच जणींचे उपचार जुन्या काळातले होते, म्हणून आजचा आकडा यापेक्षा कमी असावा असे तज्ज्ञ मानतात. पण पाच वर्षांच्या तक्त्यातला ‘९५’ हा पाचव्या वर्षानंतरच्या या पट्ट्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

म्हणूनच जाऊबाईंच्या गोळीची मला घाई आहे. त्यांचा रोग ‘साधा’ म्हणतात तो बऱ्याच अंशी त्या गोळीमुळे साधा आहे. याच पद्धतीच्या जुन्या औषधाने, टॅमॉक्सिफेनने, पाच वर्षांच्या सेवनात पुढच्या पंधरा वर्षांतले या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झाले आहे. सांधेदुखीबद्दल त्या कांगावा करत नाहीत. लेट्रोझोलने सकाळी बोटे आखडतात, गुडघे धरतात, आणि कामाच्या बाईला त्याचा फार त्रास होतो. पण त्यावर उपाय आहेत. रोज नेमाने चालणे आणि हलका व्यायाम यांनी अनेकींचे दुखणे कमी होते, ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढता येते, त्याच गटातले अनॅस्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देऊन पाहता येते, आणि तेही सोसले नाही तर टॅमॉक्सिफेन आहेच. यातले काय करायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे आहे, परंतु त्यांनी ते ठरवावे यासाठी गोळी बंद केल्याचे त्यांना कळले तर पाहिजे. जाऊबाईंना या आठवड्यातच दाखवून आणा.

आता तुमच्याकडे वळते, आणि पहिली विनंती अशी की येत्या आठवड्यातले ऑपरेशन थांबवा. गाठ लवकर काढून टाकावी असे वाटणे अगदी साहजिक आहे, सर्जनचा हेतूही चांगलाच असणार. पण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या ट्रिपल निगेटिव्ह गाठीत आज सहसा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर हा क्रम धरतात, आणि त्यामागे ठोस कारण आहे. गाठ जागेवर असताना केमो दिली की ती विरघळते की नाही, हे डोळ्यांसमोर दिसते. ऑपरेशननंतर काढलेल्या भागात आम्हाला एकही कर्करोगाची पेशी सापडली नाही, तर त्या स्त्रीचे पुढचे भवितव्य फार चांगले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, जिचे पाच वर्षांचे निकाल २०२४ साली आले, अशा स्त्रियांपैकी सुमारे ९५ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. ज्या ९५ चा तुम्हाला हेवा वाटला, तोच हा आकडा. आणि पेशी उरल्याच, तर कोणाला पुढे आणखी औषध द्यायचे ते कळते. जपान आणि कोरियात झालेल्या चाचणीत अशा ट्रिपल निगेटिव्ह स्त्रियांना नंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्यावर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० वरून ७९ टक्क्यांवर गेले. आधीच गाठ काढून टाकली तर ही खूण कायमची हातची जाते.

केमोत काय द्यायचे, याविषयी आपल्याच मुंबईत झालेले काम तुम्हाला ठाऊक असावे असे वाटते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ७१७ ट्रिपल निगेटिव्ह स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निकाल २०२२ साली मांडले गेले. नेहमीच्या केमोमध्ये कार्बोप्लॅटिन हे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध दर आठवड्याला जोडले, तेव्हा पन्नास वर्षांपर्यंतच्या स्त्रियांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६६ वरून ७७ टक्क्यांवर गेले. त्यात बहुतेकींच्या गाठी तुमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, म्हणून ७७ हा आकडा तुमचा समजू नका. तुमच्या वयाला या औषधाचा लाभ मोठा आहे, एवढेच त्यातून घ्या. पेम्ब्रोलिझुमॅब नावाच्या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचेही नाव तुम्ही ऐकाल. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते जोडल्यावर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८२ वरून ८७ टक्के झाले. लाभ खरा आहे, पण औषध फार महाग आहे. त्यासाठी रात्रीतून जमीन विकायला निघू नका, तुमच्या बाबतीत त्याने नेमकी किती भर पडेल हे केमोच्या डॉक्टरांना आकड्यांत विचारा आणि मगच घरात बसून ठरवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत गाठून कोणती औषधे तिच्यात बसतात ते लिहून घ्या.

केमो सुरू होण्यापूर्वी गाठीत धातूची एक बारीक क्लिप बसवायला सांगा. गाठ पूर्ण विरघळली तर नंतर ती होती कुठे, हे सर्जनला त्याच क्लिपवरून कळते.

दुसरी विनंती माझ्या स्वतःच्या धंद्यातली आहे. मी नोकरीत असताना एकदा एका गावाहून गाठ आली, ती मिठाच्या पाण्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. आदल्या संध्याकाळी काढलेली गाठ दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावर पोहोचली होती. ईआर निगेटिव्ह आले. पण त्याच कापात कर्करोगाच्या शेजारी निरोगी दुग्धनलिका होत्या. त्यांच्या काही पेशी तरी नेहमी तपकिरी होतातच, आणि त्या दिवशी तिथेही रंगाचा ठिपका नव्हता. म्हणजे चाचणीच फसली होती. मी दुसरा नमुना मागवला, तो फॉर्मॅलिनमध्ये नीट आला आणि दहापैकी नऊ केंद्रके गडद तपकिरी निघाली. पहिल्या रिपोर्टवर सही केली असती तर त्या बाईला ट्रिपल निगेटिव्हच्या वाटेवर पाठवले गेले असते आणि तिच्या हक्काची गोळी तिला कधीच मिळाली नसती. तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे किमान सहा तास राहायला हवा. तुमचा तुकडा सुईचा आहे आणि असे तुकडे सहसा नीट भिजतात, त्यामुळे तुमचा रिपोर्ट चुकला असेल असे मी म्हणत नाही. तरी ज्या एका शब्दावर इतके अवलंबून आहे तो दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळून घेणे हा तुमचा अधिकार आहे, आणि कोणताही जाणता डॉक्टर त्याचा राग मानत नाही. पडताळणीत हर-टू ‘२+’ असे आले तर फिश ही पुढची चाचणी करूनच निर्णय घ्यायचा असतो, आणि ईआर एक ते दहा टक्क्यांच्या मध्ये आले तर तेही डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

हर-टूचा विषय निघालाच आहे, तर ‘वाईट प्रकार’ या शब्दाचे काय होते ते त्याच्याच उदाहरणावरून पाहा. मी शिकत होते तेव्हा हर-टू जास्त असणे हीच सर्वांत वाईट बातमी समजली जाई. १९९८ साली ट्रॅस्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले. पुढे सुरुवातीच्या अवस्थेतल्या स्त्रियांना केमोसोबत ते दिल्यावर दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७५ वरून ८४ टक्क्यांवर गेल्याचे दिसले, आणि २०१४ पासून भारतात बनलेले त्याचे स्वस्त रूपही मिळू लागले. रोग तोच राहिला आणि त्याचे नाव घेताना उतरणारे चेहरे बदलले. ट्रिपल निगेटिव्हच्या बाबतीत तसा बदल आता कुठे सुरू झाला आहे. तुम्ही मोबाइलवर पाहिलेल्या आकड्यांतल्या बहुतेक स्त्रियांना पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे मिळालेलीच नव्हती.

इतर प्रकारांबद्दल इथे फार लिहीत नाही. म्युसिनस आणि ट्युब्युलर हे सौम्य आहेत. स्तन लाल होऊन सुजणारा दाहक प्रकार खरोखरच कठीण आहे, आणि तो तुम्हा दोघींनाही नाही.

सासूबाईंना एक गोष्ट शांतपणे समजावून सांगा. तुम्ही आणि जाऊबाई दोन वेगवेगळ्या माहेरांतून या घरात आलात. तुमच्यात रक्ताचे नाते नाही, त्यामुळे ‘घराण्यात आहे’ हे तुम्हा दोघींवरून सिद्ध होत नाही. प्रश्न तुमच्या माहेरचा आहे. ट्रिपल निगेटिव्ह रोगात, विशेषतः तुमच्या वयात, बीआरसीए या जनुकात कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष आहे का, याची रक्तचाचणी करून घ्यावी असाच सल्ला देतात, मग माहेरी कोणाला हा रोग झालेला असो वा नसो. आई-वडील दोघांकडच्या नातेवाइकांत स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग कोणाला होता का, ते विचारून ठेवा, कारण हा दोष वडिलांकडूनही येतो. चाचणी ऑपरेशनच्या आधी व्हावी, कारण दोष निघाला तर ऑपरेशन किती करायचे हे बदलू शकते आणि नंतर ओलापरिबसारखे औषधही विचारात घेता येते. दोष नाही निघाला तर मुलीची बरीचशी काळजी मिटते. निघालाच, तर तो तिच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी आहे. तरीही आज तिचे रक्त तपासायचे नाही. ती सज्ञान झाल्यावर समुपदेशकांशी बोलून तिने स्वतः ठरवावे, आणि नियमित तपासण्याही साधारण पंचविशीच्या सुमारास सुरू होतात.

किती वर्षे, या प्रश्नाला आता येते. वर्षे मोजून देणे माझ्याच्याने किंवा कोणाच्याही हातून होणार नाही. पण खरे सांगा म्हटलेत म्हणून सांगते. रोग स्तनापुरता असेल आणि उपचार पूर्ण झाले, तर तुम्ही पाच वर्षांनी हयात असण्याची आणि त्यानंतर धोका उतरणीला लागलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. शंभरात ज्या नऊ जणी उरतात त्यांत तुम्ही नाहीच, असे मात्र मला म्हणता येणार नाही. ‘उपचार पूर्ण झाले तर’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. भारतातल्या अकरा कर्करोग नोंदणी केंद्रांच्या अभ्यासात पाच वर्षांचे प्रमाण सर्व अवस्था मिळून ६६ टक्के आणि स्तनापुरत्या रोगात ८१ टक्के निघाले. अमेरिकेपेक्षा ते कमी आहे, आणि बायका उशिरा पोहोचतात, उपचार मध्येच सुटतात, ही त्याची मोठी कारणे आहेत. आपल्याकडे चौथ्या केमोनंतर सुगी येते, घरात लग्न निघते, एसटीचे भाडे संपते, आणि पुढची तारीख राहून जाते. ट्रिपल निगेटिव्हमध्ये राहून गेलेली तारीख फार महाग पडते. सोबत कोण येणार, घरचे दूधपाणी कोण बघणार, याचे सहा महिन्यांचे वेळापत्रक आजच कागदावर लिहा, आणि त्यात जाऊबाईंचे नाव घाला. त्या हे सगळे सोसून आल्या आहेत. केस गळताना काय वाटते, ते त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

रिपोर्टच्या पडताळणीसाठी जिथे तपासणी झाली तिथे अर्ज करून स्लाइड आणि तुमचा तुकडा ज्यात बसवला आहे तो मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्या, नुसता कागद चालत नाही. ब्लॉक साबणाच्या लहानशा वडीएवढा असतो, त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा, आणि प्रवासात तो हातातल्या पिशवीत कापडात गुंडाळून सावलीला ठेवा. गाडीच्या काचेजवळ उन्हात राहिला तर मेण वितळते.

तुमची,
सल्लागार डॉक्टर